उजनीचा हिशेब काठावर मांडा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ,
पुणे

महोदय,


विनंती आधी सांगून टाकतो, कारण कामाच्या गर्दीत पत्राच्या पहिल्या चार ओळीच वाचल्या जातात. उजनी प्रकल्पातील महामंडळाच्या कारभाराचा आढावा घेण्यासाठी जलाशयाकाठच्या आणि लाभक्षेत्रातल्या नागरिकांचा एक कृती गट नेमा. त्याला कागद पाहण्याचा अधिकार द्या, वर्षाची मुदत द्या आणि त्याच्या अहवालाला महामंडळ कलमवार लेखी उत्तर देईल हे नेमणुकीच्या आदेशातच लिहा. या पत्रात जास्तीचे पाणी कुठेही मागितलेले नाही. आहे त्याचा हिशेब मागितला आहे.

उजनीची बातमी वर्तमानपत्रांत टक्क्यांत येते. ‘उजनी शून्यावर’ असा मथळा वाचून मुंबईतल्या माणसाला वाटते, धरण कोरडे पडले. प्रत्यक्षात धरण शून्यावर असते त्या दिवशी त्यात ६३.६६ टीएमसी पाणी असते. एकूण साठा ११७.२३ टीएमसी, त्यातला उपयुक्त ५३.५७ आणि उरलेला मृत. जिवंतापेक्षा मृत मोठा, असे हे धरण. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे ज्याला हात लावायचा नाही असे पुस्तकात लिहिले आहे त्या साठ्यातले सुमारे ३२ टीएमसी पाणी गेले. दुष्काळ होता, पाऊस कमी होता, सगळे मान्य. पण मृत साठ्यातून किती उचलायचे, कोणासाठी आणि कुठे थांबायचे हे कोणत्या बैठकीत कोणत्या आकड्यांवर ठरले, ते पाण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला आजही सांगता येत नाही.

काठावर ‘उणे’ म्हणजे काय ते थोडे सांगतो, कारण अहवालात ते येत नाही. पाणी मागे सरकले की मोटार सरकवायची. मोटारीबरोबर केबल वाढवायची, पाइप वाढवायचे, स्टार्टरची पेटी चिखलातून उचलून पुढे न्यायची. तरी पाणी हाताला लागत नाही म्हणून दहा-बारा जणांनी वर्गणी काढून यंत्राने चर खोदायचा आणि मधल्या खोल भागातले पाणी चरातून ओढून आणायचे. चर खोदून होतो तोवर पाणी आणखी मागे गेलेले असते. मग टंचाईचा आदेश निघतो आणि काठावरच्या पंपांचे विजेचे तास कमी होतात. कधी सोडणार, किती सोडणार हे महिनाभर आधी समजले असते, तर निम्म्या लोकांनी केळीची नवी लागण केलीच नसती. पुढचे वेळापत्रक हातात मिळाले तर धरणात एक थेंब न वाढताही शेतकऱ्याचे लाखाचे नुकसान टळते. एवढी साधी गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बसवता आली नाही. धरण पूर्ण झाले १९८० साली.

महामंडळाच्या जन्माची गोष्टही इथे आठवायला हवी. १९७६ च्या बच्छावत लवादाच्या निवाड्याने कृष्णा खोऱ्यातले ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला आले आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल अशी सोय राहिली. त्या तारखेआधी आपल्या वाट्याचे पाणी अडवलेले दिसले पाहिजे, म्हणून १९९६ साली स्वतंत्र कायदा करून महामंडळ उभे राहिले. बाजारात रोखे काढून पैसा उभा केला. घाईत जन्मलेल्या या संस्थेने धरणे आणि कालवे बांधायला घेतले, आणि घाई समजण्यासारखीही होती. पण बांधलेले पाणी वाटायचे कसे, मोजायचे कसे, त्यासाठी पाटकरी आणि कालवा निरीक्षक किती लागतील, याला त्या घाईत जागा राहिली नाही. तारीख उलटून पाव शतक झाले. पाटकऱ्याविना चालणारे कालवे आमच्या जिल्ह्यात आजही दाखवता येतात.

पुढे सिंचनावर वादळ उठले ते आपल्याला आमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून सिंचन ०.१ टक्का वाढले, या आकड्यावरून २०१२ साली सरकार हलले. श्वेतपत्रिका निघाली, आणि मग डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक बसले. त्याचा अहवाल २०१४ साली आला. चितळेसाहेबांच्या अभ्यासाबद्दल शंका घेण्याचे धारिष्ट्य आम्ही करणार नाही. पण त्या पथकात होते ते जाणकार अभियंते आणि अधिकारी. निविदा कशा निघाल्या, किंमत का वाढली, हे त्यांनी तपासले. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी किती दिवसांनी मिळते, मंजूर यादीत नसलेली मोटार कोणाची, पुनर्वसनात दिलेल्या जमिनीला कालवा लागला का, हे त्यांना विचारले गेले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नाही. कॅगचेही तसेच आहे. पैसा नियमाने गेला का हे कॅग बघते. पाणी नियमाने गेले का हे बघणारे कोणी नाही.

मी म्हणतो ते पाच टीएमसीच्या प्रकरणात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये आदेश निघाला की इंदापूरच्या गावांसाठी उजनीतून पाच टीएमसी पाणी उचलायचे. हे पाणी म्हणजे पुण्याहून धरणात येणारे सांडपाणी, ते मूळ हिशेबात धरलेलेच नाही, तेव्हा कोणाच्या ताटातले काढले जात नाही, असे समर्थन झाले. सोलापुरात आंदोलने पेटली. मे महिना संपायच्या आत आदेश रद्द झाला. सोलापूरकरांनी फटाके वाजवले, इंदापूरकरांनी निषेध केला, आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची आठवडाभर चांगली चलती झाली.

त्या सव्वा महिन्यात एकानेही एक कागद लोकांसमोर ठेवला नाही. पुण्या-पिंपरीहून वर्षाला नेमके किती सांडपाणी उजनीत येते? ते कुठे मोजले जाते? पावसाच्या पाण्यातून ते वेगळे कसे काढले? ते मूळ हिशेबात नाही म्हणता, तर आजवर ते कोण वापरत होते? आदेश काढताना ही उत्तरे असतील तर रद्द का केला, आणि नसतील तर काढला कसा? एका सहीने पाच टीएमसी येते आणि दुसऱ्या सहीने जाते, याचा अर्थ आमच्यासारख्या माणसाने काय घ्यायचा?

आणखी एक गोष्ट त्या गोंधळात बुडाली. इंदापूरच्या ज्या काठावर आम्ही शत्रू शोधत होतो, त्याची गावे आमच्या गावांबरोबरच पाण्याखाली गेली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते बघायला करमाळ्याची माणसेही जातात. करमाळ्याच्या बाजूला वांगी नंबर एक, दोन, तीन, चार, केत्तूर नंबर एक आणि दोन अशी गावे आहेत. गावाला नंबर देऊन ठेवायची पाळी कशी येते, हे विस्थापिताला समजावून सांगावे लागत नाही. एक जलाशय, तीन जिल्हे, पाच तालुके: करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत. पाण्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही, पण पालकमंत्री तीन आणि जिल्हाधिकारी तीन. या सगळ्यांना एका टेबलावर आणू शकणारी एकच संस्था आहे, ती आपली. कायद्याने तीच नदीखोरे अभिकरण आहे.

आपण म्हणाल, कालवा सल्लागार समिती आहे ना. आहे. तिची बैठक कधी मुंबईत होते, कधी पुण्यात, कधी सोलापुरात. आमदार-खासदार बोलतात, आवर्तनाची तारीख ठरते, फोटो येतो. धरणग्रस्त म्हणून, भोई म्हणून, काठावरच्या गावची बाई म्हणून तिथे कोणाला खुर्ची मिळाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि मुळात ती सल्ला देणारी समिती आहे. दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे तपासण्याचे काम तिच्याकडे नाही.

‘नागरिकांना यातले काय कळते’ हा आक्षेप येणार, तेव्हा दोन दाखले देतो. नर्मदेच्या सरदार सरोवराबद्दल ओरड झाली तेव्हा खुद्द जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा नेमला. १९९२ साली आलेला तो अहवाल बँकेला इतका झोंबला की पुढच्या वर्षी ती प्रकल्पातून बाहेर पडली. तो दूरचा वाटत असेल तर आपल्याच राज्याचा घ्या. २००१ साली महाराष्ट्र शासनाने त्याच धरणाच्या नंदुरबारकडील बुडितग्रस्तांची स्थिती तपासायला न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली होती. समितीने कचेरीतल्या याद्यांवर न थांबता बुडितातल्या पाड्यांकडे मोर्चा वळवला. शासनाने मनात आणले तर हे होते, एवढे त्यातून सिद्ध होते. रोजगार हमीची कल्पना तर १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात रुजली. पुढे २००५ मध्ये तिचा देशभराचा कायदा झाला तेव्हा प्रत्येक कामाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचे असे कलम त्यात आले. गावतळ्याच्या खड्ड्याचा हिशेब गावाने घ्यावा असे कायदा म्हणतो आणि ११७ टीएमसीच्या धरणाबद्दल मात्र गावाने तोंड मिटून बसावे, हे कसे?

आता गट कसा असावा यावर आमचे मत. ‘कृती समिती’ म्हटले की आमच्या जिल्ह्यात लोक हसतात, आणि बरोबरच हसतात. समिती स्थापन होते, निवेदन जाते, रास्ता रोको होतो आणि पुढच्या जिल्हा परिषदेला समितीचा अध्यक्ष उमेदवार असतो. म्हणून या गटात साखर कारखान्याचा संचालक नको, ठेकेदार नको, आणि मागच्या पाच वर्षांत कोणतीही निवडणूक लढवलेला नको. मग उरते कोण, असे एका मित्राने विचारले. भरपूर उरतात. पाच तालुक्यांतल्या काठावरच्या गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून माणसे द्यावीत, त्यांत निम्म्या बाया असाव्यात. जलाशयात जाळे टाकून पोट भरणाऱ्या भोई समाजाचे दोघे तरी हवेत. कालव्याच्या टेलचे, मोहोळ-मंगळवेढ्याकडचे शेतकरी हवेत, कारण काठावरचे लोक त्यांच्याकडे आणि ते काठावरच्यांकडे चोर म्हणून बघतात. ते एका खोलीत बसले तरच खरा हिशेब निघेल. सोलापूर शहरात नळाला पाच दिवसांनी पाणी येण्याची सवय झालेला एखादा भाडेकरू हवा. निवृत्त अभियंता एक पुरे, आणि तो अध्यक्ष नको.

या गटाला सगळ्यांत आधी तपासावे लागेल ते पाण्याचे रोजचे वहीखाते: वरून किती आले, कालव्यांत किती गेले, नदीत किती सोडले, उपशाला किती, बाष्पीभवनाला किती. या वहीत आमची बाजूही स्वच्छ निघणार नाही, हे आत्ताच कबूल केलेले बरे. काठावरच्या कितीतरी मोटारींना परवाना नाही. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांपैकी काहींनी वरच्या माळावर पाइपलाइन नेऊन उसाचे आणि केळीचे मळे उभे केले. कंदरची केळी परदेशात जातात याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते पाणी कोणत्या मंजुरीत बसते हे विचारले की आमच्याकडेही शांतता पसरते. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आणि पाऊस मात्र दुष्काळी पट्ट्याचा, हे गणित एकट्या महामंडळाने बिघडवलेले नाही. गटाने आमच्या मोटारी मोजल्या तर आमचेच लोक आमच्यावर चिडतील. चिडू द्यात.

नदीतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचेही बघावे. सोलापूरला प्यायला लागते ते थोडे, पण ते भीमेच्या पात्रातून औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत पोचवायला त्याच्या कितीतरी पट सोडावे लागत आले, वाटेत वाळू पिते आणि मोटारी पितात. समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. वरच्या अंगाचा प्रश्न याहून अवघड. खडकवासल्याची साखळी, पवना, भामा आसखेड, चासकमान, डिंभे, घोड, ही सगळी आमच्या डोक्यावर. मुळशीचे पाणी तर टाटांच्या वीजघरांतून कोकणात उतरते. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ (६) (ग) ने खोऱ्यातल्या धरणांमध्ये टंचाई समान वाटायला सांगितले आहे. जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सुटत आले ते याच आधारावर, मेंढेगिरी अभ्यासगटाने घालून दिलेल्या कोष्टकानुसार. भीमा खोऱ्यासाठी असे कोष्टक लोकांसमोर कधी येणार? २०१३ च्या दुष्काळात मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी उजनीत पाणी सोडा म्हणून आझाद मैदानात दोन महिने बसून राहिला होता. त्याच्याबद्दल तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या सभेत काय बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि महाराष्ट्राच्या स्मरणातून ते गेलेलेही नाही.

पाण्याच्या रंगाबद्दल थोडक्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडे येते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाला जपानी कर्जातून ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली. तरीही उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्यावर हिरवा थर येतो, काठाला उभे राहवत नाही, आणि याच जलाशयावर गावोगावच्या नळयोजना आहेत. नमुने कोण घेते, कुठून घेते आणि निकाल कोणाला कळवते, हे गटाने विचारावे. भिगवणला रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना जो जलाशय दिसतो, तोच आमची घागर भरतो. जलपर्यटनाच्या आराखड्यांना आमचा विरोध नाही, फक्त क्रम चुकलाय असे वाटते.

क्रम चुकण्याचा अर्थ २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कळला. कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यांत लहान मुले होती. लोक त्या बोटीत हौसेने बसत नव्हते. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून धरण भरल्यापासून माणसे, दुचाक्या, आजारी, नवरा-नवरी सगळे असेच पलीकडे जात आले. बोटीला परवाना कोणाचा, जॅकेट कोण तपासणार, वाऱ्याचा इशारा कोण देणार? घटना घडल्यावर प्रत्येक खात्याने दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवले. शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली हे चांगलेच झाले. पण पूल होईपर्यंत, आणि झाल्यावरही बाकीच्या काठांवर, बोटी चालणारच आहेत. जलाशय ज्याच्या मालकीचा त्याने त्यावरच्या वाहतुकीचे नियम करायचे, एवढी साधी अपेक्षा गट लिहून देऊ शकेल.

संपादित होऊन कधीच न बुडालेली जमीन, पाणी ओसरल्यावरच्या गाळपेर जमिनीचे वाटप, बारीक आसाच्या जाळ्यांनी होणारी मत्स्यबीजाची लूट, साचलेल्या गाळाची फेरमोजणी, ही यादी वाढवली तर हे पत्र प्रकल्प अहवाल होईल. पहिल्या दोन विषयांत खोटे कागद फार आहेत, एवढेच सांगून ठेवतो. गटाला तलाठ्याचे दप्तर आणि पुनर्वसन शाखेची कपाटे एकाच दिवशी उघडावी लागतील.

खर्चाचे म्हणाल तर सदस्यांना एसटीचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी द्या, एवढे पुरे. कार्यालय नको, गाडी नको. महामंडळाने एक अभियंता आणि एक लिपिक नेमून द्यावा, आणि मागितलेला कागद पंधरा दिवसांत मिळेल अशी लेखी हमी द्यावी. माहितीच्या अधिकारात कागद मिळतो, पण एकेकट्या माणसाला. एकेकट्याला मिळालेल्या कागदाचे आमच्याकडे काय होते, हे आपण आणि आम्ही दोघेही जाणतो: कधी त्याची बातमी होते, कधी तडजोड.

आदेश काढण्याचे मनात आले तर पहिली बैठक पुण्याच्या सिंचन भवनात ठेवू नका. ती केत्तूरला ठेवा, आणि मे महिन्यात ठेवा. त्या दिवसांत मोटारी कुठे आहेत, चर कुठे खोदलेत, पाण्याचा वास कसा आहे, हे कोणाला समजावून सांगायची गरज राहत नाही. पारेवाडी स्टेशनवर उतरलात तर न्यायला येऊ. येताना गेल्या दहा वर्षांची आवक-जावक वही तेवढी बरोबर आणा. संगणकातली चालेल, पण मराठीत हवी.

कळावे,
आपला नम्र,
उजनी जलाशयाकाठचा एक धरणग्रस्त शेतकरी,
ता. करमाळा, जि. सोलापूर

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
जिल्हाधिकारी, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई
लाभक्षेत्र विकास प्राधिकरण, सोलापूर
काठावरच्या सर्व ग्रामपंचायती (ग्रामसभेत वाचून दाखवावे ही विनंती)